आधी हवा बघा, मग साखर मोजा

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत नाताळ जवळ आला की घरोघरी एक पांढरीशुभ्र मिठाई होते. तिचं नाव डिव्हिनिटी. साखरेचा टणक पाक करायचा, फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागावर तो धारेने सोडायचा, घट्ट होईपर्यंत फेटत राहायचं, शेवटी पिकनचे (अक्रोडासारख्या सुक्या मेव्याचे) तुकडे मिसळून चमच्याने छोटे छोटे ढीग घालायचे. ह्यूस्टन, डॅलस, अटलांटा इथल्या आपल्या मंडळींनी ती ऑफिसातल्या नाताळच्या टेबलावर, नाहीतर शेजारच्या आजींच्या डब्यातून खाल्लेली असते. स्वतः करायची म्हटली की मात्र बहुतेक जण मागे सरतात. ‘ती फार लहरी असते, आमच्याने नाही व्हायची’ हे ठरलेलं उत्तर.

या मंडळींना, आणि पुण्या-नाशकात बसून परक्या मुलखातलं काही करून बघायची हौस असलेल्यांनाही, माझं सांगणं आहे की यंदा ती घरी करा. ज्या घरात तिळगुळाच्या पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकून बघतात, त्या घराला हिची निम्मी विद्या आधीच येते. उरलेली निम्मी हवेच्या हातात आहे आणि लोक फसतात ते तिथे. कृती तंतोतंत पाळतात, पण दिवस चुकीचा निवडतात.

ह्यूस्टनला आमच्या शेजारी एक वयस्कर बाई होत्या. त्यांच्याकडे हवामान बघायचं साधन म्हणजे जेवणाच्या टेबलावरची मीठदाणी. सकाळी ती तळहातावर उपडी करून हलवायच्या. मीठ सुटं पडलं तर साखर काढायच्या. अडकत अडकत पडलं तर ‘आज नाही’ म्हणून मोकळ्या. ह्यूस्टन मेक्सिकोच्या आखाताजवळचं, मुंबईसारखं घामट. तिथे डिसेंबरातसुद्धा चार दिवस दमट जातात, मग उत्तरेकडून गार वारा येतो आणि एका रात्रीत हवा खणखणीत कोरडी होते. टेक्ससचे लोक त्या वाऱ्याला ‘नॉर्दर’ म्हणतात. नॉर्दर येऊन गेला की दुसऱ्या दिवशी डिव्हिनिटी करायची, हा तिथला रिवाज, आणि तो शंभर टक्के बरोबर आहे.

कारण सोपं आहे. पाक 127 अंश सेल्सिअसला उतरवला की त्यात पाणी उरतं ते 8 टक्क्यांच्या आसपास. त्या थोड्याशा पाण्यावर या मिठाईचं सगळं गणित. त्याहून जास्त राहिलं तर ती चिकट होते, कमी झालं तर भुसभुशीत. साखर हवेतली ओल ओढून घेते, हे पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या बत्ताशांनी आपल्याला शिकवलेलंच आहे. आणि डिव्हिनिटी फेटताना तर आपण दहा मिनिटं तिच्यात हवाच कोंबत असतो. ती हवा दमट असेल तर पाक कितीही अचूक उतरवा, ढीग बसकण मारतात, वरून सुकत नाहीत, दुसऱ्या दिवशी कागदाला चिकटलेले सापडतात.

फोनवर हवेतल्या आर्द्रतेचा आकडा दिसतो. तो 50 टक्क्यांच्या खाली असेल तरच हात घाला. आकडा बाहेरचा असतो, हेही विसरू नका. घरातली हवा आपण स्वतः दमट करतो. शेजारच्या शेगडीवर कुकर लावायचा नाही, भात-वरण आधी उरकून घ्यायचं, भांडी धुण्याचं यंत्र बंद ठेवायचं, एक्झॉस्ट फॅन चालू. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात हिच्या वाटेला जाऊच नका. तरी फारच मनात असेल तर खोली बंद करून तासभर एसी लावा आणि फेटण्याचं काम त्या खोलीत करा. एसी हवेतली ओलही काढतो. पुणे, नाशिक, नागपूर इथल्या लोकांनी मात्र जानेवारी-फेब्रुवारीतल्या कोरड्या दुपारी खुशाल करावी. संक्रांतीचा काटेरी हलवा ज्यांनी कधी परातीत फिरवलाय त्यांना हे सांगायची गरज नाही. थंड, कोरडी हवा नसेल तर हलव्याला काटा येत नाही, आणि म्हणून आपल्या बायका थंडीतल्या पहाटे शेगडीजवळ बसत आल्या.

आता सामान. साखर 500 ग्रॅम, कॉर्न सिरप 160 ग्रॅम म्हणजे अमेरिकन मापाने अर्धा कप, पाणी 120 मिलिलिटर, चिमूटभर मीठ, दोन मोठ्या अंड्यांचा पांढरा भाग, एक चमचा व्हॅनिला, एक कप पिकनचे तुकडे. एवढ्यात चाळीसेक नग होतात. पहिल्यांदा करताना माप दुप्पट करू नका, मिक्सर झेपत नाही.

कॉर्न सिरप म्हटलं की आपल्याकडचे बरेच जण नाक मुरडतात. बाटलीतलं साधं कॉर्न सिरप म्हणजे मक्याच्या स्टार्चपासून केलेला ग्लुकोजचा पाक. शीतपेयात घालतात ते हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप वेगळं. 1902 मध्ये ‘कॅरो’ या नावाने साधं कॉर्न सिरप अमेरिकेच्या बाजारात आलं आणि त्यानंतरच्या काही वर्षांत डिव्हिनिटीच्या कृती घरोघरी पोचल्या, हा योगायोग नाही. निव्वळ साखरेचा पाक फेटला की त्यात मोठाले दाणे धरतात आणि मिठाई रवाळ लागते. ग्लुकोज मध्ये आलं की साखरेचे कण एकमेकांना सहजी चिकटत नाहीत, दाणे धरतात पण अगदी बारीक, जिभेला न कळणारे. आपले हलवाई पाकात लिंबू पिळतात तेही याच कामासाठी. भारतात केकचं सामान विकणाऱ्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं, ते तेवढ्याच वजनाचं घ्या. ते सिरपपेक्षा घट्ट असतं, म्हणून पाणी दोन-तीन चमचे जास्त घाला. औषधाच्या दुकानातली ग्लुकोजची पावडर आणू नका. मध घालून बघू का, असं विचाराल तर बघा. फ्रान्समधल्या माँतेलिमारचं नुगा आणि इटलीतल्या क्रेमोनाचं तोरोने ही डिव्हिनिटीची मधावर वाढलेली भावंडंच. पण मध ओल जास्त धरतो आणि रंगही पांढरा राहत नाही.

साखर पांढरीच हवी. ब्राऊन शुगर घातली तर जी मिठाई होते तिला तिकडे ‘सी फोम’ म्हणतात. चवीला ती मला उलट जास्त आवडते, पण पहिला प्रयोग तिच्यावर नको, कारण तिची ओल सांभाळणं कठीण.

पिकन थोडे भाजून पूर्ण गार करून घ्या. ते मूळचं उत्तर अमेरिकेचं झाड, जॉर्जियात आणि टेक्ससात त्याच्या मोठाल्या बागा आहेत. पातळ कवचाचे, हाताने फुटणारे पिकन आज मिळतात, त्यामागे अंत्वान नावाच्या एका गुलाम माळ्याचं काम आहे. लुइझियानातल्या ओक ॲली मळ्यावर 1846-47 च्या हिवाळ्यात त्याने पिकनची कलमं यशस्वी करून दाखवली. त्याच कलमांच्या झाडांचे पिकन 1876 मध्ये फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनात बक्षीस घेऊन गेले आणि त्या जातीला ‘सेंटेनियल’ नाव मिळालं. अंत्वानचं आडनावही कुणी लिहून ठेवलं नाही. भारतात पिकन महाग पडतात. अक्रोड चालतात, साल कडू लागते ती भाजल्यावर फडक्यात चोळून काढा. नाताळची शोभा म्हणून लाल-हिरव्या पाकवलेल्या चेरी घालणारे पुष्कळ आहेत. त्या ओल्या असतात. मी तरी घालणार नाही.

अंडी फ्रिजमधून काढल्या काढल्या फोडा, गार असताना बलक तुटत नाही. मग पांढरा भाग अर्धा तास बाहेर ठेवा, म्हणजे चांगला फुलतो. पिवळ्या बलकाचा एक थेंबही त्यात गेला किंवा भांड्याला तुपाचं बोट लागलेलं असलं, तर तो फुलत नाही. प्लॅस्टिकचं भांडं कितीही घासा, तेलकटपणा धरून राहतं. स्टीलचं किंवा काचेचं घ्या, आतून लिंबाची फोड फिरवा आणि कोरडं पुसा. भारतातली अंडी लहान असतात, म्हणून वजनाने जा: पांढरा भाग 60 ते 65 ग्रॅम भरला पाहिजे. उकळता पाक पडून तो बराचसा शिजतो, पण नेमका किती तापला हे घरी कळत नाही. घरात गरोदर बाई, लहान मूल, अशक्त म्हातारं माणूस खाणार असेल तर पाश्चराइज केलेला पांढरा भाग किंवा मेरिंग पावडर वापरा. फुलायला वेळ जास्त लागतो, इतकंच.

जे अंडं खात नाहीत त्यांना माझा सल्ला सरळ आहे: बिनअंड्याच्या डिव्हिनिटीच्या मागे लागू नका, खोबऱ्याची वडी करा. आणि जे खातात पण मार्गशीर्षातले गुरुवार पाळतात त्यांनी कॅलेंडर बघून दिवस धरावा, कारण नाताळाच्या आधीचे आठवडे बहुतेक मार्गशीर्षातच येतात.

पाकाला जाड बुडाचं, उंच काठाचं पातेलं हवं. साखर, सिरप, मीठ, पाणी एकत्र करून मंद आचेवर साखर पूर्ण विरघळेपर्यंतच ढवळायचं. उकळी फुटली की डाव बाहेर. पातेल्याच्या कडेला साखरेचे कण दिसत असतील तर दोन-तीन मिनिटं झाकण ठेवा, वाफेने धुऊन खाली येतात. त्यानंतर मध्यम आच आणि निमूट उभं राहणं. 127 अंश सेल्सिअस, म्हणजे 260 फॅरनहाइट, यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात.

थर्मामीटर असेल तर आधी नुसतं पाणी उकळून त्यात बुडवा. 100 दाखवतो का? पुण्याच्या उंचीवर 98 दाखवेल, डेन्व्हरमध्ये 95. जेवढा कमी दाखवेल, तेवढा 127 मधून वजा करा; जास्त दाखवला तर तेवढा मिळवा. यात उंचीचाही हिशेब होतो आणि थर्मामीटर खोटं बोलत असेल तर तेही कळतं. थर्मामीटर नसेल तरी काही अडत नाही. गार पाण्याची वाटी घ्या, पाकाचा थेंब टाका. आधी मऊ गोळी जमते, बोटांत दाबली की चपटी होते; तो लाडवाचा, मऊ वडीचा पाक. पुढे गोळी टणक होते, वाटीच्या काठावर आपटली की टक् वाजते, पण जोर लावला तर अजून दबते. इथे उतरवायचं. आणखी थांबलात तर थेंब पाण्यात पडताच कडकडून तुटेल, तो चिक्कीचा पाक झाला. तपासताना दर वेळी पातेलं आचेवरून बाजूला घ्या. या टप्प्यांमधलं अंतर थोडक्या मिनिटांचंच असतं.

हा पाक अंगावर पडला तर उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजतो, कारण तो जास्त गरम असतो आणि चिकटून बसतो. ओतायच्या वेळी पोरंटोरं स्वयंपाकघराबाहेर. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली हात धरा. टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फही नाही. फोड मोठा असेल तर डॉक्टर.

आता मुख्य काम, आणि ते एकट्याने करू नका. पूर्वी डिव्हिनिटी हाताने फेटायचे तेव्हा दोन माणसं लागायचीच, एक ओतणारं आणि एक फेटणारं. मिक्सर आला तरी एक जादा जोडी हात कामी येते. नवरा रिकामा असेल तर त्याला बोलवा. त्याला चव बघण्यापलीकडचं काम मिळेल.

पाक 115 अंशांच्या पुढे गेला की अंडं फेटायला सुरुवात करा, म्हणजे दोन्ही एका वेळी तयार होतील. फेटणी वर उचलल्यावर फेसाचं टोक ताठ उभं राहिलं पाहिजे. मग मिक्सर चालू ठेवून पाक भांड्याच्या कडेने, शिवणाच्या दोऱ्याएवढ्या बारीक धारेने सोडा. फिरत्या तारांवर पडला तर त्या पाक भिंतींवर उडवतात आणि तिथे तो खडा होऊन बसतो. पहिले चार-पाच चमचे तर अगदी सावकाश, एकदम ओतलात तर अंड्याचे शिजलेले गोळे होतील. सगळा पाक संपायला दोन-तीन मिनिटं जाऊ द्या. पातेल्याच्या तळाशी राहिलेला पाक खरवडून घालायचा मोह आवरा. त्यात दाणे असतात, आणि एका दाण्यामागे हजार दाणे धरतात.

व्हॅनिला घाला आणि फेटत राहा. सुरुवातीला मिश्रण पांढरं, पातळ आणि चकचकीत असतं, ऑइलपेंट दिलेल्या दारासारखं. फेटणी उचलली की रिबिनीसारखं पडतं आणि भांड्यातल्या मिश्रणात मिसळून नाहीसं होतं. पाचेक मिनिटांनी ती रिबीन वर तरंगायला लागते, मिक्सरचा आवाज जड होतो. हातात धरायचा छोटा मिक्सर असेल तर तो इथे बंद करा, नाहीतर मोटर जळेल, आणि पुढे लाकडी डावाने घोटा. दर अर्ध्या मिनिटाने एक चमचाभर कागदावर टाकून बघा. पसरला तर अजून वेळ आहे. ढीग तसाच उभा राहिला आणि त्याच्या टोकावरची चमक मंदावली, तर झालं. घड्याळ इथे काही कामाचं नाही. कोरड्या दिवशी पाच मिनिटांत होतं, एखाद्या दिवशी दहा लागतात.

त्या क्षणानंतर हात भराभर चालले पाहिजेत. पिकन घालून दोनदा परता. दोघांनी दोन-दोन चमचे तुपाचं बोट लावून आधीच तयार ठेवलेले असावेत. एकाने उचलायचं, दुसऱ्याने ढकलायचं. खाली बटर पेपर. शेवटच्या पाच-सहांपर्यंत मिश्रण कडक व्हायला लागेल, तेव्हा चमचाभर उकळतं पाणी घालून ढवळा, पुन्हा मऊ येतं. आकार एकसारखे येणार नाहीत. घरच्या डिव्हिनिटीची ओळखच ती.

बिघडली तर दोनच प्रकारांनी बिघडते. भांड्यातच कोरडी पडून भुगा होत असेल तर गरम पाणी थेंबाथेंबाने घाला. न सावरली तर तो भुगा डब्यात भरा, आइस्क्रीमवर छान लागतो. ढीग बसलेच नाहीत तर भांडं गरम पाण्याच्या पातेल्यावर धरून आणखी थोडं घोटून बघा. तरीही पसरत असेल तर पाक आधी उतरवला गेला किंवा दिवस दमट होता. तापवून तापवून पुन्हा पाक करत बसू नका. गरम कोकोवर चमचाभर घालून संपवा आणि पुढच्या कोरड्या दिवसाची वाट बघा.

वेलची-केशर घालू का, हा प्रश्न मराठी घरात येणारच. घाला, पण पहिल्या खेपेला नको. मूळ चव एकदा कळू द्या. ती साखर, व्हॅनिला आणि पिकनच्या तेलाची आहे, आणि पिकन नसतील तर ती नुसती गोडमिट्ट लागते, हे मी मान्य करते.

विकत मिळत असताना एवढा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. जॉर्जियातल्या ईस्टमन गावी 1930 च्या दशकात डब्ल्यू. एस. स्टकी यांनी रस्त्याकडेला पिकन विकायला सुरुवात केली, त्यांची पत्नी एथेल घरी मिठाया करून द्यायच्या आणि त्या इतक्या खपल्या की पुढे महामार्गांवर त्यांची दुकानंच दुकानं झाली. म्हणजे विकतची परंपराही घरच्याच स्वयंपाकघरातून निघाली. पण डब्यात महिनाभर टिकवायची मिठाई वेगळी करावी लागते, आणि ती कडक येते. वरून पापुद्रा सुकलेला आणि आत अजून मऊ, अशी डिव्हिनिटी केल्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच खायला मिळते, आणि दुकानात ते दोन-तीन दिवस आधीच उलटून गेलेले असतात.

ढीग तीन-चार तास तसेच उघडे सुकू द्या, एकदा उलटवा. मग घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, प्रत्येक थरामध्ये कागद घालून ठेवा. दोन आठवडे राहते. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढली की तिला पाणी सुटतं. अमेरिकेतून सुट्टीवर घरी यायचं असेल आणि आईला ही दाखवायची असेल, तर बॅगेत भरू नका. मुंबईच्या विमानतळाबाहेर पडेपर्यंत तिचा लगदा होईल. पिकन भाजून घेऊन या आणि थंडीत गावी गेल्यावर आईच्याच शेगडीवर करा. पाक कधी उतरवायचा हे तिलाच विचारा.